बॅच सातचे पाणी

मंगळवार, १९ जून २०१८. सकाळी दहा. डब्लिन, आमच्या बिल्डिंगचा तिसरा मजला, छोटी मीटिंग रूम.

हजर: डेक्लन, प्रोफेसर, आमच्या ग्रुपचा प्रमुख. पॉला, युनिव्हर्सिटीच्या रिसर्च ऑफिसमधली अधिकारी; पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मुदतवाढ द्यायची की नाही हे तिच्याकडे. केतकी, पीएचडीचे चौथे वर्ष, मूळची सांगलीची. आणि मी, मेधा, लॅबची टेक्निकल ऑफिसर. ग्रेने नावाच्या स्लायगोच्या पेशीशास्त्रज्ञ बाईलाही बोलावले होते. ती आली नाही, येता येत नसल्याचा तिचा ईमेल आला.

पॉलाने पेनचे टोपण काढले आणि विचारले, "बॅच सातचं पाणी बदलायची जबाबदारी कुणाची होती?"

टेबलावर माझी फाइल उघडी होती. पहिल्याच पानावर मी लिहिलेली यादी होती. केतकी माझ्याकडे बघत होती.

मी काय उत्तर दिले ते नंतर सांगते. आधी बॅच कसली आणि पाणी कसले ते सांगायला हवे.

आम्ही कार्बनचे अतिशय बारीक तुकडे बनवत होतो. पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन, पण इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपलाही दिसत नाही. याला नॅनो म्हणतात. कार्बनची अडचण ही की त्याला पाणी आवडत नाही. काजळी पाण्यात टाकली तर वर तरंगत राहते. शरीरात औषध म्हणून सोडायचा तर तो पाण्यात नीट मिसळला पाहिजे. म्हणून कार्बन तीव्र आम्लात शिजवायचा. त्याच्या कडांना पाणी धरून ठेवणारे ऑक्सिजनचे गट चिकटतात. मग तो पाण्यात टाकला की कोऱ्या चहासारखा रंग येतो आणि कितीही वेळ ठेवला तरी तळाशी काही बसत नाही.

हे कशासाठी? पक्षाघाताच्या पेशंटच्या मेंदूतली गुठळी काढली की अडलेले रक्त परत धावते. त्याबरोबर काही उपद्रवी रेणू तयार होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या पेशींमधून ओरबाडून घेतात. त्यांना आपला इलेक्ट्रॉन देऊन गप्प बसवणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. आमचा कार्बन हे काम करेल अशी डेक्लनची कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती.

आम्लात शिजवताना कार्बनची जाळी गरजेपेक्षा जास्त फाटते. ती थोडी सावरायला पुढच्या पायरीत कार्बन व्हिटॅमिन सीच्या द्रावणात गरम करायचा. इथेच खबरदारी लागते. व्हिटॅमिन सी स्वतःच अँटिऑक्सिडंट आहे. ज्या गुणाची परीक्षा घ्यायची, तोच गुण असलेला दुसरा पदार्थ आपण आपल्या हाताने आत घालतो. तो पूर्ण धुऊन काढला नाही तर परीक्षा कार्बनची होत नाही, व्हिटॅमिन सीची होते.

धुवायची पद्धत म्हणजे डायलिसिस. किडनीच्या पेशंटचे करतात त्याच तत्त्वावर. बारीक छिद्रांच्या पारदर्शक पिशवीत द्रावण भरायचे, दोन्ही टोकांना क्लिप लावायची आणि पिशवी शुद्ध पाण्याच्या मोठ्या बीकरमध्ये सोडायची. व्हिटॅमिन सीचे लहान रेणू छिद्रांतून बाहेर येतात, कार्बनचे तुकडे आत राहतात. खारवलेल्या कैरीची फोड साध्या पाण्यात ठेवली की मीठ पाण्यात उतरते, तसेच. पण फोड आणि पाणी सारखेच खारट झाले की उतरणे थांबते. मग ती महिनाभर तशीच ठेवली तरी उपयोग नाही. पाणी ओतून नवे घेतले तरच पुढचे मीठ निघते. किती दिवस ठेवले याला अर्थ नसतो, किती वेळा पाणी बदलले याला असतो.

हे मला माहीत होते. डब्लिनला येण्याआधी मी ठाण्याच्या एका औषध कंपनीत अकरा वर्षे क्वालिटी कंट्रोलला होते. तरीही माझ्या यादीतली ओळ अशी होती: "डायलिसिस, कोल्ड रूम, ५ दिवस." पुढे एक चौकोन आणि सहीची जागा.

पाणी रोज दोनदा बदलायचे, हे मी ट्रेनिंगच्या वेळी सांगत असे. ट्रेनिंगच्या कागदावर ते लिहिलेलेही होते आणि त्यावर विद्यार्थ्याची सही असे. रोजच्या वापराच्या यादीत मात्र नव्हते. पूर्वी होते. दहा वेळा पाणी बदलायच्या दहा ओळी. त्यांच्यामुळे यादी दुसऱ्या पानावर जात होती. यादी एका पानात बसली पाहिजे असा माझा आग्रह. दुसरे पान कोणी उलटत नाही, हा माझा अनुभव. म्हणून मी त्या दहा ओळी काढून एक ओळ केली. मला ती सुधारणा वाटली होती. मीटिंगमध्ये ती दाखवून मी दोन शब्द कौतुकाचेही ऐकले होते.

आता बॅच सात.

केतकीने ती मंगळवारी, २७ फेब्रुवारीला, दुपारी डायलिसिसला लावली. घरी जाताना एकदा पाणी बदलले. बुधवारी सकाळी उठलो तर बाहेर बर्फ आणि फोनवर युनिव्हर्सिटी बंदचा मेसेज. मग रेड वॉर्निंग आली. बस बंद, डार्ट म्हणजे इथली लोकल बंद, दुकानांतला ब्रेड संपलेला. आयर्लंडला एवढ्या बर्फाची सवय नाही. डून लेरीला आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या धक्क्यावर कोणी चालत नव्हते, हे मी पहिल्यांदाच पाहिले. रविवारपर्यंत कोणीही लॅबमध्ये गेले नाही. जाण्याची परवानगीच नव्हती.

सोमवारी, ५ मार्चला, डार्ट सुरू झाली. बिल्डिंगमध्ये आमच्या मजल्यावर पहिली मीच पोचले. बेसमेंटमध्ये पाइप फुटला होता. एका फ्रीझरचा अलार्म वाजत होता. लिक्विड नायट्रोजनची डिलिव्हरी आलेली नव्हती. मी कामे लिहून काढली, तेव्हा ती अठरा झाली.

केतकी लुकनला राहायची, तिच्या बाजूच्या बस अजून सुरू नव्हत्या. पावणेनऊला तिचा मेसेज आला.

"ताई, बस नाहीये. मंगळवार संध्याकाळपासून पाणी बदललेलं नाही. मी आल्यावर बघू. तोवर बॅग काढू नका."

मी उत्तर लिहिले, "पाच दिवस झालेत. फ्रीज ड्रायरचा स्लॉट आज आहे, नंतर थेट पुढच्या आठवड्यात. मी लावून टाकते."

"ओके ताई."

फ्रीज ड्रायर म्हणजे गोठवलेल्या द्रावणातले बर्फ वितळू न देता थेट वाफ करून उडवणारे यंत्र. शेवटी कोरडी भुकटी हाती येते. पाणी उडते, बाकी जे आत असेल ते सगळे भुकटीत राहते. हे यंत्र चार ग्रुप मिळून वापरत होतो आणि त्याचे स्लॉट ठरवायची यादीही माझीच होती. डेक्लनला महिनाअखेर बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात या कामात पैसे घालू पाहणाऱ्या एका कंपनीच्या लोकांसमोर निकाल मांडायचे होते. आठवडा गेला असता तर ग्रेनेच्या पेशींवरची चाचणी वेळेत झाली नसती.

मी बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार असे बोटांवर मोजले. पाच. चौकोनात खूण केली, सही केली, बॅग काढली. त्या वेळी मला काही खटकले का, असे नवऱ्याने नंतर विचारले. नाही. अठरापैकी एक काम संपले एवढेच वाटले.

बॅच सात अप्रतिम निघाली.

आमची पहिली चाचणी रंगाची. एक जांभळे द्रावण असते, त्याच्यात तोच इलेक्ट्रॉन कमी असलेला रेणू असतो. अँटिऑक्सिडंट घातले की जांभळा रंग उडून फिकट पिवळा होतो. एरवी आम्ही अर्धा तास वाट बघायचो. बॅच सातने ते नळी हलवेपर्यंत केले. मग भुकटी स्लायगोला गेली. तिथे ग्रेनेने पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून पाहिले. जखमेवर घातले की फेस येतो तेच. बॅच सात असलेल्या पेशी तगल्या. ग्रेनेच्या ईमेलचा विषय होता, "लॅड्स, यात घातलंय तरी काय तुम्ही?"

आम्ही सगळे हसलो. डेक्लनने तो ईमेल प्रिंट करून कॉफी मशीनशेजारी लावला.

बॉल्सब्रिजहून तो खूश होऊन आला. आल्या आल्या केतकीच्या टेबलाशी थांबला. "ग्रँड झालं सगळं. आता आठ आणि नऊ कर. अगदी सातसारख्या." इथे 'छान'पासून 'ठीक आहे', 'राहू दे'पर्यंत सगळ्यालाच ग्रँड म्हणतात.

तिने केल्या. बर्फ नव्हता, सुट्टी नव्हती. रोज दोनदा पाणी बदलले, दहा वेळा. बॅच आठने जांभळा रंग अर्ध्या तासात जरासा फिका केला, बस. ग्रेनेचा फोन आला तेव्हा मी स्पीकरजवळच होते.

"तुमचा युअर मॅन आठ नंबर मेलेला आहे," ती म्हणाली. इथे समोर नसलेल्या कुणालाही युअर मॅन म्हणतात, बाटलीलासुद्धा.

डेक्लनने केतकीला विचारले, "आठमध्ये तू काय चुकलीस?"

"मला तरी काही दिसत नाही."

"मग परत बघ."

ती तीन आठवडे परत बघत होती. आम्ल बदलले, तापमान तपासले, वजनकाटा तपासून घेतला. नऊही आठसारखीच. शेवटी तिने उलटा विचार केला. आठ-नऊ बरोबर असतील आणि सातच चुकली असेल तर? तिने तिन्ही बॅच एचपीएलसीवर लावल्या. हे यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करून एकेकाचा कागदावर उंचवटा काढून देते. कोणता उंचवटा कधी येतो त्यावरून घटक ओळखायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. हातात तीन कागद.

"ताई, दोन मिनिटं आहेत?"

"दोनच आहेत. बोल."

"हा आठ. काही नाही, सपाट. हा बाटलीतला व्हिटॅमिन सी. आणि हा सात." तिने दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीसमोर धरले. उंचवटे एकमेकांवर बसले. "कार्बन नव्हताच तो. आपण ग्रेनेच्या पेशींना लिंबू सरबत पाजलं."

मी कागद हातात घेतले. शंकेला जागा नव्हती.

"कुणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच पहिलं. बर्फाच्या आठवड्यात पाणी राहिलं होतं ना, तेच असणार. ताई, यादीत दिवस लिहिलेत, वेळा नाहीत. तेवढं बदलायला हवं." नळाचा वॉशर बदलायला हवा असे सांगावे, तसे तिने सांगितले. तिच्या बोलण्यात दोष देणे नव्हते. "डेक्लनला मी सांगू की तुम्ही सांगता?"

"तूच सांग. शोध तुझा आहे."

त्या क्षणी मी तिला श्रेय देत होते असे मला वाटले. आज खात्री नाही.

तिने त्याला सांगितले. अर्ध्या तासाने डेक्लनने मला बोलावले आणि दार लावून घेतले. चार वर्षांत त्याने कधी दार लावले नव्हते.

"मेधा, प्रोसिजर काय म्हणते?"

"यादीत दिवस आहेत. पाण्याच्या वेळा नाहीत."

"आणि ट्रेनिंग शीट?"

"त्यात वेळा आहेत. तिची सही आहे."

"म्हणजे प्रोसिजर होती. पाळली गेली नाही."

"बिल्डिंग बंद होती, डेक्लन. आणि सोमवारी बॅग मी काढली."

"सही पाहिली मी." तो खिडकीकडे वळला. "हे बघ. प्रोसिजर चुकीची म्हटलं की तिच्यावर झालेल्या सगळ्या बॅचवर प्रश्न येतो. आपल्या छापून आलेल्या पेपरवर येतो. तुझ्या फाइलवर येतो. एका विद्यार्थिनीकडून एकदा राहून गेलं म्हटलं की एका बॅचवर येतो. मी कुणाला खोटं बोलायला सांगत नाहीये."

"नाही."

"विचारतील तेवढं सांग. ग्रँड?"

"ग्रँड," मी म्हणाले.

माझी फाइल म्हणजे काय तेही सांगते. चार वर्षे मी करारावर होते. त्या उन्हाळ्यात माझी नोकरी कायम व्हायची होती आणि अर्ज डेक्लनच्या सहीसाठी त्याच्याच टेबलावर होता. त्याने त्याचा उल्लेख केला नाही. करायची गरज नव्हती.

केतकीची अडचण साधी होती. तिच्या थिसिसचे मुख्य प्रकरण बॅच सातवर उभे होते. ते आता गेले. तिची मुदत सप्टेंबरला संपत होती. नव्याने काम करायला तिने सहा महिने मागितले. नियम असा की उशीर लॅबच्या यंत्रामुळे किंवा प्रोसिजरमुळे झाला असेल तर मुदतवाढ मिळते. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या चुकीमुळे झाला असेल तर गाइडची शिफारस लागते. तिचा गाइड डेक्लनच, आणि तो शिफारस करणार नव्हता. कंपनीच्या लोकांनी फोन घेणे बंद केले होते आणि त्याला हा विषय मिटवायचा होता.

म्हणजे केतकीची पीएचडी एका प्रश्नावर आली होती. चूक यादीची की तिची?

तर मीटिंग. पॉलाने विचारले, पाणी बदलायची जबाबदारी कुणाची होती?

मी म्हणाले, "विद्यार्थ्याची."

हे खरे होते. पॉलाने लिहून घेतले.

"आणि प्रोसिजर तिला माहीत होती?"

"ट्रेनिंग शीटवर तिची सही आहे."

हेही खरे होते.

डेक्लन म्हणाला, "आधीच्या सहा बॅच याच यादीवर झाल्या. कुठेच काही अडलं नाही."

"पण बिल्डिंग बंद होती," केतकी म्हणाली.

"बरोबर," पॉला म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, नियमाप्रमाणे चालणारी होती. "बंदचे दिवस सगळ्यांनाच भरून मिळतात. तुला पाच दिवस मिळतील. पण परत आल्यावर पाणी बदलून पुढे जाता आलं असतं. ते का झालं नाही, हा प्रश्न आहे. तुला काही सांगायचंय?"

केतकीचा फोन टेबलावर तिच्या हाताजवळ होता. सोमवारचा तिचा मेसेज आणि माझे उत्तर त्यात होते. माझ्या फोनमध्येही होते. तिने फोन उचलला नाही. ती म्हणाली, "मेधाताईंना माहीत आहे सगळं. त्या सांगतील." इंग्रजी वाक्यात तिने 'ताई' तसेच ठेवले होते. पॉलाला ते माझे आडनाव वाटले असावे.

पॉला माझ्याकडे वळली. "आणखी काही?"

मी फाइलकडे पाहिले. "सगळं फाइलमध्ये आहे."

फाइलमध्ये सोमवारची माझी सही होती. केतकीचा मेसेज नव्हता. पॉलाने सही पाहिली, आणि ती यादी तपासणाऱ्याची सही समजून पुढे गेली. मी तिला थांबवले नाही.

मीटिंग पंचवीस मिनिटांत संपली.

केतकी मला किचनमध्ये भेटली. ती प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, आपला मग काढत होती. आत आणखी कोणी नव्हते.

"मला वाटलं होतं तुम्ही सांगाल."

"त्यांनी विचारलं त्याची उत्तरं दिली मी."

"हो. एका पानात बसली बरोब्बर."

"केतकी, तू मेसेज का नाही दाखवलास?"

तिने मग धुतला, पुसला. मग म्हणाली, "तुमच्या घरी तीन दिवाळ्या केल्यात मी. फोन काढून तुम्हाला पकडायचं, असं मला नाही वाटलं. तुम्ही बोलाल असं वाटलं."

मी म्हणाले की मुदतवाढीसाठी अपील करता येते, मी फॉर्म भरायला मदत करते. ती जरा हसली.

"नो, यू आर ग्रँड, मेधा," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही, आणि ताईही म्हणाली नाही.

घरी नवऱ्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "पण तू खोटं तर नाही बोललीस."

"नाही बोलले," मी म्हणाले. "त्यामुळेच ते चाललं."

त्याने टीव्ही लावला.

जुलैत केतकीला पत्र आले. पाच दिवसांची मुदतवाढ. तिने अपील केले नाही. जेवढे काम शाबूत होते तेवढ्यावर तिने मास्टर्सची पदवी घेतली. चार वर्षांची पीएचडी करायला निघाली होती, हाती मास्टर्स आली, आणि मास्टर्स तर ती सांगलीहून करून आलेलीच होती. सप्टेंबरमध्ये तिने कॉर्कजवळच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलची नोकरी धरली. जाण्याआधी तिने हँडओव्हर करून दिला. प्रत्येक बाटलीवर लेबल, प्रत्येक बॅचची नोंद, माझ्याच फॉरमॅटमध्ये. त्यात एक चूक सापडली नाही. मी शोधली होती.

माझे कायम झाल्याचे पत्र ऑगस्टमध्ये आले होते.

मी यादी बदलली. ती आता दोन पानांची आहे. पाणी बदलायच्या दहा ओळी, प्रत्येकीला तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याची सही. बिल्डिंग बंद असेल तर ते दिवस मोजायचे नाहीत, असेही लिहिले आहे. भुकटी झाल्यावर एचपीएलसीवर व्हिटॅमिन सी तपासल्याशिवाय बाटली लॅबबाहेर जात नाही. पुढच्या ऑडिटमध्ये त्या दोन पानांची तारीफ झाली. ऑडिटरने विचारले, ही कल्पना कुणाची? डेक्लन म्हणाला, मेधाची. मी ते दुरुस्त केले नाही.

आता काही हिशेबाच्या गोष्टी. नव्याने येणाऱ्यांना मी त्या सांगते. वेळ लिहू नका, कृती लिहा. ज्याने काम केले त्याचीच सही घ्या, तपासणाऱ्याची वेगळी. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला तर वाईट निकालाइतकाच तपासा. आम्ही आठ नंबर तीन आठवडे तपासला आणि सात नंबरचा ईमेल भिंतीवर लावला. विद्यार्थी वहीत लिहून घेतात. त्या मीटिंगबद्दल मी त्यांना सांगत नाही.

एक गोष्ट राहिली आहे.

२०१९च्या मार्चमध्ये मी जुन्या फाइली आवरत होते. बॅच चारची यादी हाती आली. आमचा छापून आलेला पेपर बॅच चारवर आहे. आठ आणि नऊ नीट धुतलेल्या, आणि त्यांची ताकद पेपरात लिहिलेल्या ताकदीच्या जवळपासही नाही, हे आम्हा सगळ्यांना वर्षभर माहीत होते. त्याबद्दल कोणी बोलत नव्हते. मी तारखा पाहिल्या. बॅच चार डायलिसिसला लावली तो गुरुवार २०१६च्या ईस्टरच्या सुट्टीआधीचा. काढली मंगळवारी. मध्ये सगळे बंद. ती करणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, त्या दिवसांत लिस्बनला घरी गेला होता. त्याचा रजेचा अर्ज त्याच फाइलमध्ये होता, मीच लावलेला. डायलिसिस, कोल्ड रूम, ५ दिवस. खूण. सही माझी.

सहा बॅचमध्ये कुठेच काही अडले नाही, असे पॉलाला सांगितले होते.

प्रत्येक बॅचची थोडी भुकटी राखून ठेवायची असा नियम आहे. बॅच चारची बाटली मायनस ऐंशीच्या फ्रीझरमध्ये आहे, दुसरा कप्पा, डावीकडे. एचपीएलसी चालू स्थितीत आहे. व्हिटॅमिन सीची बाटली शेल्फवर आहे. चाचणीला एक दुपार पुरते. उंचवटा दिसला तर पेपर जातो, माझी यादी सुरुवातीपासून चुकीची ठरते, आणि केतकीला कॉर्कला फोन करून सांगावे लागते की ती चूक तिची नव्हती आणि पॉलाला आपण दोघी लिहू.

आज नोव्हेंबर २०१९. चाचणी माझ्या कामांच्या यादीत मार्चपासून आहे. दर सोमवारी मी नवी यादी करते आणि ती ओळ पुढच्या पानावर उतरवून घेते.